कोरड्या डोळ्यांत थेंब घालताना

डोळ्याच्या पृष्ठभागावर कोणत्याही क्षणी साधारण ७ मायक्रोलिटर अश्रू असतात आणि खालची पापणी किंचित ओढून केलेल्या खळग्यातही फार तर ३० मायक्रोलिटरच्या आसपास द्रव मावतो. बाटलीतून पडणारा एक थेंब मात्र बहुधा ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे एकच थेंब जागेवर पडला तरी तो डोळ्याला पुरून उरतो, आणि जे उरते ते गालावर ओघळते किंवा नाकाच्या वाटेने घशात उतरते. कोरड्या डोळ्यांना वंगण देणारे थेंब, ज्यांना कृत्रिम अश्रू असेही म्हणतात, ते वापरणाऱ्याने हा एवढा हिशेब मनात ठेवला तर पुढच्या बऱ्याच सूचना त्याला वेगळ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. मी दिवसभर पडद्यासमोर बसून मुद्रितशोधनाचे काम करतो आणि अनेक वर्षे हे थेंब वापरत आलो आहे. त्यांपैकी सुरुवातीचा बराच काळ मी ते चुकीच्या पद्धतीने घातले, एका वेळी दोन-तीन थेंब ओतले, आणि आराम पडला नाही की दोष बाटलीला देऊन दुसरी बाटली आणली. आता माझे मत असे झाले आहे की, बाटलीवर कोणते नाव छापले आहे यापेक्षा थेंब कसा आणि केव्हा घातला जातो यावर आराम अधिक अवलंबून असतो.

डोळा कोरडा पडतो म्हणजे काय होते

अश्रू म्हणजे नुसते खारे पाणी नव्हे. डोळ्यावर पसरलेल्या त्यांच्या अतिशय पातळ थरात तीन घटक एकत्र काम करतात. डोळ्याला लगटून म्युसिन नावाचा बुळबुळीत पदार्थ असतो, त्याच्यामुळे पाणी डोळ्याला धरून राहते. मधला मोठा भाग पाण्याचा असतो आणि तो मुख्यतः डोळ्याच्या वर, बाहेरच्या बाजूला असलेल्या अश्रुग्रंथीतून येतो. सर्वांत वर तेलाचा पातळ पापुद्रा असतो आणि त्यामुळे खालच्या पाण्याची वाफ होण्याचा वेग कमी राहतो. हे तेल पापण्यांच्या कडांत ओळीने बसलेल्या सूक्ष्म ग्रंथींतून येते. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. आपण पापणी मिटतो तेव्हा हे मिश्रण पुन्हा एकसारखे पसरले जाते.

निरोगी डोळ्यात पापणी उघडल्यावर हा थर साधारण १० सेकंद किंवा त्याहून अधिक काळ अखंड राहतो. कोरड्या डोळ्यात तो पुढची पापणी लवण्याआधीच जागोजागी फाटतो, तिथला पृष्ठभाग उघडा पडतो आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातील, म्हणजे कॉर्नियातील, अतिशय संवेदनशील मज्जातंतू तक्रार करू लागतात. तीच ती चुरचुर, तेच ते वाळूचा कण गेल्यासारखे खुपणे. थर फाटल्याने अक्षरेही क्षणभर धूसर होतात आणि पापणी मिटताच पुन्हा स्वच्छ दिसू लागतात. ही शेवटची खूण मला विशेष उपयोगी वाटते, कारण चष्म्याचा नंबर बदलल्याने येणारा धूसरपणा असा पापणीसरशी पुसला जात नाही.

कोरडेपणा दोन वाटांनी येतो. काहींच्या डोळ्यांत पाणीच कमी तयार होते. त्याहून अधिक लोकांत पाणी पुरेसे असते, पण पापण्यांतल्या तेलग्रंथी तुंबलेल्या असल्यामुळे ते लवकर उडून जाते. अनेकांत दोन्ही गोष्टी कमीअधिक प्रमाणात एकत्र असतात. वाढते वय, रजोनिवृत्ती, कॉन्टॅक्ट लेन्स, चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी केलेली लेझर शस्त्रक्रिया, ॲलर्जीसाठी घेतलेल्या अँटिहिस्टामिन गोळ्या, नैराश्यावरची काही औषधे आणि मुरुमांसाठी दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन ही नेहमीची कारणे आहेत. पडद्याकडे एकटक पाहण्याचाही यात मोठा वाटा असतो. एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा लवणारी पापणी पडद्यासमोर निम्म्याहूनही कमी वेळा लवते, आणि लवते तेव्हाही पुष्कळदा अर्धवटच मिटते.

ज्या लक्षणाने सर्वांत जास्त लोक चकतात ते म्हणजे डोळ्यांतून पाणी वाहणे. डोळ्यातून घळाघळा पाणी येत असताना डोळा कोरडा आहे असे कुणी सांगितले तर ते पटत नाही. परंतु पृष्ठभाग सुकला की त्याची चिडचिड होते, आणि त्या चिडचिडीला उत्तर म्हणून अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. ते पाणी नीट टिकत नाही, वाहून जाते, आणि थोड्या वेळाने डोळा पुन्हा कोरडा तो कोरडाच. अशा वेळी वंगणाचा थेंब घातल्यावर पाणी वाहणे थांबते, हे अनुभवल्याशिवाय खरे वाटत नाही. याउलट चुरचुरीपेक्षा खाजच जास्त असेल तर ॲलर्जीचा, आणि पापण्या चिकटवणारी पिवळसर चिपडे येत असतील तर संसर्गाचा विचार आधी करावा लागतो. त्या तक्रारींवर वंगणाचे थेंब हा मूळ उपाय नव्हे.

बाटलीवरचे काय वाचावे

दुकानात एकाच फळीवर दहा-बारा बाटल्या दिसतात आणि प्रत्येकीवर आराम, गारवा, ताजेपणा असे काहीतरी लिहिलेले असते. ते सोडून द्यावे आणि बारीक अक्षरांतली घटकांची ओळ वाचावी. वंगणाचे काम करणारे पदार्थ मोजकेच आहेत. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज बहुधा ०.५ किंवा १ टक्का प्रमाणात असते. हायड्रॉक्सिप्रोपिल मिथाइल सेल्युलोज, पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पॉलिएथिलीन ग्लायकॉल व प्रॉपिलीन ग्लायकॉल यांची जोडी, आणि सोडियम हायलुरोनेट ही इतर नेहमीची नावे होत. यांपैकी अमुक एक सर्वांना सर्वोत्तम असे नाही. सौम्य त्रासाला पातळ द्रावण पुरते. घट्ट द्रावण आणि जेल डोळ्यात जास्त वेळ टिकतात, पण तितकाच वेळ दृष्टी धूसर करतात. पापण्यांच्या तेलग्रंथी तुंबलेल्या असतील तर ज्यांत खनिज तेल, एरंडेल किंवा तसाच स्निग्ध अंश मिसळलेला असतो असे दुधट दिसणारे थेंब अधिक उपयोगी पडू शकतात. रात्रीसाठी मलम असते आणि ते पेट्रोलियम जेलीच्या जातीचे असते. एक प्रकार निवडून तो नीट आणि नेमाने तीन-चार आठवडे वापरून पाहावा. दर आठवड्याला बाटली बदलणाऱ्याला कशाचा गुण आला आणि कशाचा नाही हे कधीच कळत नाही. मला तरी कळले नव्हते.

घटकांच्या ओळीत वंगणाइतकेच महत्त्वाचे दुसरे नाव परिरक्षकाचे, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हचे असते. बाटली उघडल्यावर आत जंतू वाढू नयेत म्हणून ते घातलेले असते. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे त्यांतले सर्वांत प्रचलित. जंतूंना मारणारा हा पदार्थ डोळ्याच्या पृष्ठभागावरील पेशींनाही सौम्य म्हणता येणार नाही, आणि तो वारंवार डोळ्यात गेला तर जो कोरडेपणा घालवायचा तोच वाढतो. म्हणून सर्वसाधारण नियम असा आहे की, दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा थेंब लागत असतील, त्रास तीव्र असेल, किंवा काचबिंदूसारख्या आजारासाठी परिरक्षक असलेले दुसरे थेंब आधीच चालू असतील, तर वंगणाचे थेंब परिरक्षकविरहित घ्यावेत. ते एका वेळेपुरत्या छोट्या प्लॅस्टिकच्या कुप्यांत मिळतात, किंवा हवा आत येऊ न देणारी झडप बसवलेल्या खास बाटल्यांत मिळतात. दिवसातून एक-दोनदाच थेंब घालणाऱ्याला परिरक्षक असलेली साधी बाटली बहुधा बाधत नाही, त्यामुळे उगीच महागड्या कुप्यांच्या मागे लागण्याचे कारण नाही.

याच फळीवर डोळ्यांची लाली घालवणारे थेंबही असतात आणि घाईत तेच उचलले जातात. त्यांत नॅफाझोलिन, टेट्राहायड्रोझोलिन यांसारखी रक्तवाहिन्या आकुंचित करणारी औषधे असतात. डोळा काही मिनिटांत पांढराशुभ्र दिसतो खरा, पण कोरडेपणा तसाच राहतो, आणि काही दिवस सतत वापरल्यावर औषधाचा असर उतरला की लाली आधीपेक्षा अधिक चढते. त्याहून गंभीर गोष्ट स्टेरॉइड असलेल्या थेंबांची. कुणाला तरी पूर्वी लिहून दिलेली आणि घरात उरलेली अशी बाटली डोळे लाल झाले म्हणून स्वतःच्या मनाने वापरल्यास डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो, आणि आत दबा धरून बसलेला संसर्ग बळावू शकतो. नाव नीट वाचता येत नसेल तर ती बाटली वापरू नये.

थेंब घालण्याची रीत

आधी हात साबणाने धुऊन स्वच्छ कापडाने कोरडे करावेत. मग बाटलीवरचे नाव आणि मुदत वाचावी, आणि हे रोजच्या बाटलीच्या बाबतीतही करावे. मी एकदा पहाटे अर्धवट झोपेत कानाच्या थेंबांची बाटली उचलली होती. आकार तोच, रंग तोच. टोपण नेहमीसारखे सहज फिरले नाही म्हणून हात थांबला, एवढेच. तेव्हापासून कानाचे औषध मी वेगळ्या खणात ठेवतो. दुधट थेंबांची बाटली आणि ज्यांच्या पत्रकात तसे लिहिले आहे ते थेंब वापरण्यापूर्वी हलवावे लागतात. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर त्या काढून ठेवाव्यात.

बसून किंवा उभे राहून मान मागे टाकावी. मान डुगडुगत असेल तर सरळ पाठीवर आडवे व्हावे. एका हाताच्या तर्जनीने खालची पापणी पापण्यांच्या केसांच्या थोडी खाली धरून हळूच खाली आणि किंचित पुढे ओढावी. पापणी आणि डोळा यांच्या मध्ये एक छोटी गुलाबी पन्हळ दिसते, आणि थेंब तिथे पडायला हवा. दुसऱ्या हातातली बाटली उलटी करून तिचे टोक डोळ्यापासून साधारण २ सेंटिमीटर वर ठेवावे, नजर वर छताकडे न्यावी आणि बाटलीच्या मध्यावर हलका दाब देऊन एकच थेंब सोडावा. नजर वर गेल्यामुळे दोन गोष्टी साधतात. बुबुळ वाटेतून बाजूला होते, आणि खाली येणारे टोक समोर दिसत नसल्यामुळे भीती कमी वाटते. थेंब थेट बुबुळाच्या मध्यावर पडला तर डोळा दचकून घट्ट मिटतो आणि सगळा थेंब बाहेर फेकला जातो. असे दोनदा झाले की माणूस थेंब घालायचेच टाळू लागतो.

सर्वांत जास्त फजिती बाटलीचा हात अधांतरी ठेवल्याने होते. त्यावर सोपा उपाय असा की, ज्या हाताने पापणी ओढली आहे त्याच हाताच्या पाठीवर बाटली धरलेल्या हाताचा मनगटाकडचा भाग टेकवावा, किंवा बाटलीचा हात कपाळावर अथवा नाकाच्या दांड्याशी टेकवून स्थिर करावा. हात टेकला की थरथर उरत नाही, आणि अंतरही दर वेळी तेवढेच राहते. सांधे दुखणाऱ्यांना टणक बाटली दाबणेच जड जाते. त्यांना बाटली धरायला मदत करणारी साधी प्लॅस्टिकची उपकरणे मिळतात, पण मऊ बाटली निवडणे हा त्याहून सोपा मार्ग आहे. थेंब पडला की नाही हे ज्यांना कळत नाही, विशेषतः वयस्कर मंडळींना, त्यांनी पत्रकात मनाई नसल्यास बाटली फ्रिजमध्ये ठेवावी. गार थेंब पडल्याचे लगेच जाणवते. तरीही शंका राहिली तर दुसरा थेंब घालण्याने वंगणाच्या बाबतीत काही अपाय होत नाही, तो वाया जातो इतकेच.

लहान मुले आणि अतिशय घाबरणारी मोठी माणसे यांच्यासाठी वेगळी युक्ती आहे. पाठीवर झोपवून डोळे मिटायला सांगावे, नाकाकडच्या कोपऱ्यातल्या खळग्यात एक थेंब ठेवावा आणि मग डोळा उघडायला सांगावा. थेंब आपोआप आत घरंगळतो. या रीतीने थोडा अंश बाहेर राहतो, पण झटापटीत सगळाच वाया जाण्यापेक्षा ते बरे.

बाटलीचे टोक पापणीला, केसांना, बोटाला किंवा डोळ्याला लागू देऊ नये. टोक एकदा लागले की तिथले जंतू आत शोषले जातात आणि पुढचा प्रत्येक थेंब ते घेऊन येतो.

थेंब पडल्यानंतरचे दोन क्षण लोक सर्रास वाया घालवतात. बहुतेकांना डोळे भराभरा मिचकावायची सवय असते, थेंब पसरावा म्हणून. प्रत्यक्षात पापण्यांची उघडझाप हाच अश्रू नाकाच्या नळीत ढकलणारा पंप आहे. त्यामुळे मिचकावून थेंब पसरण्याऐवजी निचरा होऊन जातो. डोळे अलगद मिटावेत, गच्च आवळू नयेत, आणि एक-दोन मिनिटे तसेच राहू द्यावेत. त्याच वेळी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या हाडालगत, बोटाने हलका दाब दिला तर अश्रू वाहून नेणाऱ्या नळीचे तोंड बंद राहते आणि थेंब डोळ्यात अधिक काळ टिकतो. औषधी थेंबांच्या बाबतीत हा दाब आणखी महत्त्वाचा, कारण त्यामुळे औषध नाकावाटे रक्तात जाणे कमी होते. घशात चव जाणवली तर थेंब त्या वाटेने गेला असे समजावे. घाबरण्याचे कारण नाही, फक्त पुढच्या वेळी कोपरा दाबून धरावा. बाहेर आलेले पाणी स्वच्छ टिश्यूने टिपावे, डोळे चोळू नयेत. पातळ थेंबानंतर दृष्टी अर्ध्या-एक मिनिटात निवळते, जेलनंतर बराच वेळ लागतो. तोवर वाहन चालवू नये.

एका वेळेपुरत्या कुपीचा शेंडा पिळून मोडावा लागतो. मोडल्यावर कडा टोचरी तर राहिली नाही ना हे पाहावे, आणि पत्रकात तसे सांगितले असेल तर पहिला थेंब बाहेर टाकून द्यावा. कुपीत दोन्ही डोळ्यांना पुरून थोडे उरते, आणि ते जपून ठेवण्याचा मोह होतो. पत्रकात जितक्या तासांची मुभा असेल तितकीच ती पाळावी. मुभा लिहिलेली नसेल तर उरलेले लगेच टाकावे, कारण त्या द्रवात जंतूंना अडवणारे काही नसते.

मलम घालताना रीत तीच, फक्त थेंबाऐवजी खालच्या पन्हळीत आतल्या कोपऱ्यापासून बाहेर अर्धा ते एक सेंटिमीटर लांबीची रेघ ओढायची. त्यानंतर बराच वेळ सगळे धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते, म्हणून ते झोपण्याच्या अगदी आधीच घालावे. ज्यांच्या पापण्या झोपेत पूर्ण मिटत नाहीत आणि सकाळी उठल्याबरोबर डोळे टोचतात, त्यांना मलमाचा गुण सर्वांत ठळक जाणवतो.

केव्हा आणि किती वेळा

या थेंबांविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ते डोकेदुखीच्या गोळीसारखे, दुखल्यावर घ्यायचे असतात. डोळा एकदा चिडला की पृष्ठभागावर सूज येते, सूज आली की अश्रूंचा थर आणखी अस्थिर होतो, आणि मग एका थेंबाने भागत नाही. म्हणून थेंब त्रासाच्या आधी घालावा. माझा त्रास दुपारी चारच्या सुमारास सुरू होत असे, आणि मी थेंब घालत असे साडेचारला. वेळा बदलून सकाळी काम सुरू करण्यापूर्वी, दुपारच्या सुट्टीच्या आधी आणि तीनच्या ठोक्याला अशा केल्या, तेव्हा तोच थेंब दुप्पट गुणकारी वाटू लागला. प्रत्येकाने आपला त्रास कोणत्या वेळी आणि कशाने वाढतो हे चार-पाच दिवस टिपून ठेवावे. वातानुकूलित खोली, पंख्याचा थेट झोत, दुचाकीवरचा वारा, विमानप्रवास, लांबलचक वाचन, असे काहीतरी त्यात हमखास सापडते. थेंब त्याच्या थोडा आधी घालावा.

सौम्य त्रासाला दिवसातून दोन ते चार वेळा पुरेसे होते. तीव्र कोरडेपणात दर एक-दोन तासांनीही घालावे लागतात, मात्र तेव्हा ते परिरक्षकविरहितच हवेत आणि तेव्हा डॉक्टरांचा सल्लाही हवा. तात्पुरता आराम लगेच मिळतो, पण पृष्ठभाग सावरून दिवसभराचा फरक पडायला नेमाने वापरूनही काही आठवडे जातात. वंगणाच्या थेंबांची सवय लागते आणि डोळे स्वतःचे अश्रू करायचे सोडतात, असे बरेच जण बजावून सांगतात. त्यात तथ्य नाही.

मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बेन्झाल्कोनियम क्लोराइड शोषून घेतात आणि मग ते तासन्‌तास डोळ्याला लागत राहते. त्यामुळे असे थेंब घातल्यावर किमान १५ मिनिटांनीच लेन्स चढवाव्यात, आणि लेन्स डोळ्यात असताना फक्त लेन्सवर चालतील असे स्पष्ट लिहिलेले थेंब वापरावेत. इतर औषधी थेंब चालू असतील तर दोन थेंबांत किमान ५ मिनिटांचे अंतर ठेवावे, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन नेतो. क्रम असा ठेवावा की आधी पातळ औषध, मग घट्ट वंगण, जेल असल्यास आणखी थोडे थांबून, आणि मलम सर्वांत शेवटी. मलमाचा थर बसल्यावर पाण्याचा थेंब त्यातून आत जात नाही.

बाटली जपणे

बाटली ज्या दिवशी उघडली ती तारीख तिच्यावर पेनने लिहावी. खोक्यावर छापलेली मुदत न उघडलेल्या बाटलीची असते. उघडल्यावर परिरक्षक असलेली बहुतेक बाटली २८ दिवस किंवा महिनाभर चालते, झडपेच्या काही बाटल्या त्याहून अधिक काळ चालतात, आणि नेमका आकडा पत्रकात असतो. उरले आहे म्हणून वापरत राहू नये. द्रव गढूळ झाला, रंग बदलला, किंवा टोपणाचे सील आधीच तुटलेले असले तर बाटली टाकून द्यावी. एक बाटली दोघांनी वापरू नये, नवराबायकोनेही नाही.

हा काटेकोरपणा कुणाला अति वाटेल. २०२३ साली अमेरिकेत कृत्रिम अश्रूंच्या दूषित बाटल्यांशी निगडित स्यूडोमोनास एरुजिनोसा या जिवाणूच्या संसर्गाची साथ आढळली. हा जिवाणू बहुतेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हता. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने १८ राज्यांतील ८१ रुग्णांची नोंद केली, त्यात दृष्टी गमावल्याच्या १४ घटना होत्या आणि चौघांचा मृत्यू झाला. तिथे दोष वापरणाऱ्यांचा नव्हता, बाटल्याच दूषित होत्या. पण परिरक्षक नसलेल्या आणि अनेकदा उघडल्या जाणाऱ्या बाटलीत एकदा जंतू शिरले तर पुढे काय होऊ शकते हे त्यातून दिसले. निर्जंतुक नसलेले, घरी तयार केलेले कोणतेही पाणी किंवा रस डोळ्यात घालू नये, हे वेगळे सांगायला नको.

नुसत्या थेंबांनी भागत नसेल तर

थेंब हा उसना ओलावा आहे. मूळ कारण पापण्यांच्या तुंबलेल्या तेलग्रंथी असतील, तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ कपडा मिटलेल्या पापण्यांवर ५ ते १० मिनिटे ठेवावा, तो गार होत आला की पुन्हा भिजवावा. उष्णता ४० अंश सेल्सिअसच्या थोडी वर असावी, म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूला ऊबदार पण सहन होणारी. घट्ट झालेले तेल पातळ झाल्यावर वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, पापणीच्या कडेच्या दिशेने बोटाने हलके चोळावी. हे रोज केले तर काही आठवड्यांत थेंबांची गरज कमी होऊ शकते. पडदा डोळ्यांच्या पातळीच्या थोडा खाली ठेवावा, कारण नजर खाली असली की पापणी अधिक झाकलेली राहते आणि उघडा पृष्ठभाग कमी होतो. दर वीस मिनिटांनी दूर पाहावे आणि तेवढ्यात पाच-सहा वेळा पापण्या सावकाश, पूर्ण मिटाव्यात. पूर्ण मिटणे यातच मर्म आहे.

डोळा दुखत असेल, प्रकाश सहन होत नसेल, दृष्टी अचानक कमी झाली असेल आणि पापणी मिटूनही निवळत नसेल, एकच डोळा लालबुंद झाला असेल, डोळ्याला मार लागला असेल किंवा त्यात रसायन उडाले असेल, तर थेंबांवर वेळ घालवू नये. रसायन गेले असल्यास आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि थेट नेत्रतज्ज्ञांकडे जावे. डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर तेही आवर्जून सांगावे. स्वीडनचे हेन्रिक श्योग्रेन यांनी १९३३ मध्ये ज्याचे सविस्तर वर्णन केले त्या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रू आणि लाळ यांच्या ग्रंथींवर उलटते, आणि त्याचे निदान अनेकदा डोळ्यांच्या तक्रारीतून होते.

महिनाभर नीट थेंब घालूनही फरक पडला नाही तर तपासणी करून घ्यावी. डॉक्टर खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून ५ मिनिटांत ती किती मिलिमीटर ओली होते हे मोजतात, आणि रंगद्रव्य घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो ते पाहतात. गरजेनुसार सूज कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे ते काही महिने लागतात, किंवा अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रात सूक्ष्म बूच बसवतात. या भेटीला जाताना वापरातली बाटली आणि चालू गोळ्यांची नावे सोबत न्यावीत, आणि तपासणीच्या आधी किमान दोन तास वंगणाचा थेंब घालू नये, म्हणजे डॉक्टरांना डोळा आहे तसा पाहता येईल.